ओर्तोना : संत थोमाच्या अस्थींचें गांव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-मंडळाची इच्छा अशी कीं, २०२५ च्या पवित्र वर्षांत आम्ही रोमेची यात्रा करून आलों, तिची हकीगत आपणांस सांगावी. परंतु रोमेविषयीं नवें असें आम्ही काय सांगणार? संत पेत्राच्या मंदिराचा घुमट, त्यापुढील चौक, पवित्र दरवाजा, हें सर्व आपण घरबसल्या मोबाइलवर पाहिलेलें आहे; आणि आपल्यांतील कांहीं मंडळी तर प्रत्यक्ष जाऊन आलेली आहेत. म्हणून रोम बाजूस ठेवून, त्या यात्रेच्या शेवटच्या तीन दिवसांत आम्हीं जें एक लहानसें गांव पाहिलें, त्याविषयींच बोलावें असें योजिलें आहे. त्या गांवाचें नांव ओर्तोना. तेथें हिंदुस्थानच्या प्रेषिताच्या अस्थि आहेत, आणि तेथून थोड्याच अंतरावर आपल्या महाराष्ट्रांतील तरुणांचीं नांवें परक्या मातींत दगडावर कोरलेलीं आहेत. एवढें असूनही आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं त्या गांवाचें नांव ऐकिलें असेल.

इटलीचा नकाशा बुटाच्या आकाराचा आहे हें शाळेंतील मुलेंही जाणतात. त्या बुटाच्या पोटरीच्या मागील अंगास आद्रियातिक समुद्र आहे, व त्या किनाऱ्यावर आब्रुत्सो नांवाचा प्रांत पसरलेला आहे. १८६० सालापर्यंत हा प्रांत नेपल्सच्या राज्यांत मोडत असे; त्यामुळें नकाशांत तो मध्यभागीं दिसत असला तरी इटालियन लोक त्याची गणना दक्षिणेंतच करितात, आणि तेथील मंडळींचा अघळपघळ पाहुणचार व दुपारची गाढ झोंप पाहतां ती गणना आम्हांसही योग्य वाटली. रोमेहून बसनें निघालें म्हणजे आपेनाइन पर्वत ओलांडावा लागतो. कसाऱ्याचा घाट चढतांना जसे बोगद्यांमागून बोगदे लागतात तसेच तेथेंही लागतात. मात्र पर्वताचें मान निराळें. आपली कळसूबाई १,६४६ मीटर उंच, तर तेथील ग्रान सास्सो नामक शिखर २,९१२ मीटर. पर्वत उतरल्यावर निळा समुद्र दिसूं लागतो, पेस्कारा शहर येतें, आणि तेथून दक्षिणेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर, समुद्रांत पुढें आलेल्या एका टेकाडावर ओर्तोना वसलेलें आहे. वस्ती बावीस-तेवीस हजारांची. टेकाडाच्या टोंकास पंधराव्या शतकांतील एक मोडका किल्ला, खालीं बंदर, मधोमध एकच मोठा रस्ता, आणि सभोंवार जेथवर दृष्टि जाईल तेथवर द्राक्षांचे मळे.

हे मळे पाहून आमचा नाशिककराचा जीव किती हरखला म्हणून सांगावें! इटलींतील बहुतेक भागांत द्राक्षवेली तारांच्या सरळ ओळींवर चढवितात. परंतु आब्रुत्सोंत जुनी पद्धत निराळी आहे. तेथें माणसाच्या डोक्यापेक्षां उंच असा मांडव घालून त्यावर वेली पसरवितात, व घड खालीं लोंबत राहतात. आपण दिंडोरी-निफाडकडे जो मांडव पाहतों त्याचाच हा सख्खा भाऊ. सप्टेंबर महिना असल्यामुळें तोडणी सुरू होती. केरळचे एक तरुण फादर त्या प्रांतांत सेवेस आहेत, त्यांनीं आमचें दुभाष्याचें काम पत्करिलें, व त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या मळ्यांत आम्हांस नेलें. आमच्या गांवीं वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते, एकदां एप्रिलमध्यें व एकदां ऑक्टोबरमध्यें, आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडीं हातीं येतें, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. त्याच्या देशीं वेल हिंवाळ्यांत पानें गाळून स्वस्थ निजते व तेव्हांच तिची छाटणी होते. थोडा वेळ विचार करून त्यानें विचारिलें, “मग तुमची वेल झोंपते तरी केव्हां?” ह्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आपल्यांतील बागाईतदारांनीं तें शोधावें. पुढें त्यानें एक डागाळलेलें पान उलटें करून दाखविलें व ‘पेरोनोस्पोरा’ असा शब्द उच्चारला. शब्द परका होता, पण पानाखालची ती पांढुरकी बुरशी ओळखीची होती. आपण जिला डावणी म्हणतों तीच ही. २०२३ सालच्या वसंतांत पाऊस थांबेना, आणि ह्या रोगानें त्या सबंध प्रांतांतील द्राक्षांचें पीक बुडविलें. अवकाळी पाऊस, फवारणीचें कर्ज, व्यापाऱ्याचा भाव, ह्या गोष्टी बोलतां बोलतां आम्हांस वाटूं लागलें कीं आपण पिंपळगांवच्या बाजारांतच उभे आहों.

असो. आम्ही गेलों होतों तें संत थोमाच्या दर्शनास.

संत थोमा हा आपला प्रेषित. इसवी सन ५२ मध्यें तो मलबार किनाऱ्यावर उतरला व ७२ मध्यें मैलापूर येथें त्यानें रक्तसाक्ष दिली, ही परंपरा आपण प्रश्नोत्तरीच्या वर्गापासून ऐकत आलों आहों. मैलापूरची कबर आजही आहे, व तिच्यावर मोठें ख्रिस्तमंदिर उभें आहे. मग अस्थि इटलींत कशा गेल्या? ही कथा आम्ही सावकाश सांगतों, कारण तिच्यांत भक्ति आहे, व्यापार आहे, आणि थोडी लूटही आहे.

प्राचीन काळीं हिंदुस्थानचा माल सीरियांतील एदेस्सा नगराच्या बाजारांत जात असे. त्याच वाटेनें थोमाच्या अस्थि एका व्यापाऱ्यानें हिंदुस्थानांतून एदेस्सास नेल्या, असें तेथील महान कवि व धर्मपंडित संत एफ्रेम ह्यांच्या स्तोत्रांवरून कळतें. संत एफ्रेम ३७३ सालीं वारले, तेव्हां ही गोष्ट त्यापूर्वींची असली पाहिजे. पुढें थोड्याच वर्षांत, ३८४ च्या सुमारास, एगेरिया नांवाची एक धीट यात्रेकरू बाई पश्चिमेकडून प्रवास करीत एदेस्सास आली व तिनें थोमाच्या समाधीपाशीं प्रार्थना केल्याचें स्वतः लिहून ठेविलें आहे. ३ जुलै ह्या दिवशीं आपण जो थोमाचा सण पाळतों, तो दिवस ह्याच अस्थि एदेस्सास नेल्याची आठवण म्हणून जुन्या पंचांगांतून आलेला आहे. पुढें ११४४ सालीं एदेस्सा तुर्कांच्या हातीं पडलें. त्यानंतर अस्थि एजियन समुद्रांतील खिओस बेटावर आढळतात.

आतां लूट. १२५८ सालीं व्हेनिस व जिनोवा ह्या दोन नगरांत समुद्रावर युद्ध जुंपलेलें होतें. दक्षिण इटलीचा राजा मान्फ्रेद ह्यानें व्हेनिसच्या मदतीस जें आरमार धाडिलें, त्यांत ओर्तोनाचीं तीन गलबतें होतीं, व त्यांवर लेओने आच्चायुओली नांवाचा कप्तान होता. हीं गलबतें खिओसला लागलीं. कप्तान तेथील देवळांत प्रार्थनेस गेला, त्यास प्रेषिताची समाधि दिसली, आणि रात्रीं परत जाऊन त्यानें अस्थि व समाधीवरील शिळा दोन्ही उचलून गलबतावर आणिलीं. ६ सप्टेंबर १२५८ रोजीं तीं ओर्तोनास पोंचलीं. तेथील लोक ही कथा मोठ्या अभिमानानें सांगतात, व दैवी प्रेरणेनें हें घडलें असें म्हणतात. आम्हीं मान डोलाविली. परंतु सरळ मराठींत ह्या कृत्यास काय म्हणतात तें आपणांस ठाऊक आहेच. अर्थात् आपण नाशिककरांनीं ह्या बाबतींत फार बोलूं नये. पंचवटींत गोदाकांठीं नारोशंकराच्या मंदिरावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, ती १७२१ सालची पोर्तुगीज घडणीची, आणि १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर तेथून आणलेली, असें आपण सर्व जाणतों. ती घंटा आज नाशिकची शान आहे, तिच्या नांवाची म्हण आपल्या बोलण्यांत आहे, आणि वसईचा कोणीही ती परत मागावयास येत नाहीं. काळ गेला म्हणजे लुटीलाही घरपण येतें.

ह्या अस्थि खरोखर थोमाच्याच कशावरून, हा प्रश्न आपल्यांतील शिकलेल्या मंडळींच्या मनांत आला असेल. सेमिनरींत चर्चच्या इतिहासाचा अभ्यास करितांना आमच्याही मनांत तो आला होता. आमचें मत स्पष्ट सांगतों. एदेस्सांत थोमाच्या म्हणून अस्थि होत्या व त्या हिंदुस्थानांतून आल्याचें तेथील लोक चौथ्या शतकांत मानीत होते, ह्याविषयीं संशय नाहीं. खिओसहून त्या ओर्तोनास आल्या ह्याविषयींही नाहीं. एदेस्सा व खिओस ह्यांमधला दुवा मात्र कच्चा आहे. आमच्या श्रद्धेचा पाया ह्या हाडांवर नाहीं, म्हणून हें बोलतांना आम्हांस भय वाटत नाहीं. परंतु आठ शतकें एका गांवानें ज्यांची राखण केली, त्या अस्थींपुढें गुडघे टेकतांना हा दुवा आम्हांस आठवला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

तळघरांतील वेदीखालीं, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पेटींत त्या ठेविलेल्या आहेत. खिओसहून आणलेली शिळा तेथेंच आहे. तिच्यावर एका पुरुषाची अर्धाकृति व ग्रीक अक्षरांत ‘संत थोमा’ असे शब्द कोरलेले आहेत. प्रेषिताचा एक चांदीचा अर्धपुतळाही आहे, व मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं जो मोठा उत्सव होतो त्याच्या आदल्या दिवशीं चांदीच्या किल्ल्यांची मिरवणूक निघते. ह्या चांदीच्या मुखाचें दर्शन आपल्यांतील वृद्धांनीं न कळत घेतलेलें असणें शक्य आहे. १९६४ सालीं मुंबईस जागतिक ख्रिस्तप्रसाद महोत्सव भरला, सहावे पॉल पोपसाहेब हिंदुस्थानांत आले, त्या वेळीं आपल्या टपाल खात्यानें संत थोमाचें तिकीट काढिलें, त्यावर हेंच ओर्तोनाचें मुख होतें. आणि त्याच्याही आधीं, १९५३ मध्यें, थोमाच्या उजव्या हाताचें एक हाड ओर्तोनाहून केरळांत कोडुंगल्लूरजवळ अळिकोड येथें मोठ्या समारंभानें आणण्यांत आलें. प्रभूच्या जखमांकडे जो हात पुढें झाला, तो हिंदुस्थानास परत मिळाला, असें आमचे केरळी सोबती सांगूं लागले तेव्हां त्यांचा कंठ दाटून आला. त्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या थोमाचें नांव ठेवितात. आम्ही मराठी ख्रिस्ती मलबारच्या त्या परंपरेंतले नव्हे. आमच्या वाट्यास दुसरा थोमा आला, तो इंग्लंडचा फादर थॉमस स्टीफन्स, ज्याचें आमच्या भाषेंतील क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. आम्हीं तेथें दोन्ही थोमांचें नांव घेतलें.

आतां जें सांगावयाचें आहे तें त्या देवळाच्या भिंतींनीं आम्हांस सांगितलें. भिंती जुन्या वाटतात, पण नीट पाहिलें असतां त्यांतील पुष्कळ भाग नवा आहे.

१९४३ च्या सप्टेंबरांत इटलीनें दोस्तांशीं तह केला. इटलीचा राजा रोम सोडून पळाला, तो ह्याच ओर्तोनाच्या धक्क्यावर येऊन रात्रीं जहाजावर चढला. आणि प्रजा जर्मनांच्या हातीं राहिली. दोस्तांचें सैन्य दक्षिणेकडून किनाऱ्यानें वर सरकत होतें. २१ डिसेंबरच्या सकाळीं जर्मनांनीं सुरुंग लावून संत थोमाच्या देवळाचा मनोरा उडविला. मनोऱ्याबरोबर घुमटही अर्धा कोसळला. तेथील पाद्रींनीं व कांहीं नगरवासीयांनीं प्रेषिताच्या अस्थि व चांदीचा पुतळा आधींच लपवून ठेविला होता, म्हणून तीं वांचलीं. त्यानंतर आठ दिवस कॅनडाचें सैन्य व जर्मन छत्रीधारी शिपाई ह्यांच्यांत घरोघर लढाई झाली. रस्त्यावर पाऊल टाकलें कीं गोळी लागे. म्हणून कॅनेडियन शिपाई एका घराची भिंत फोडून शेजारच्या घरांत, तेथून पुढच्या घरांत, असे आंतल्या आंत जात. नाताळच्या दिवशीं संत मारीया दि कोस्तांतिनोपोलीच्या देवळांत मेजें मांडून शिपायांना पाळीपाळीनें जेवूं घातलें. एक तुकडी जेवून लढावयास जाई, दुसरी जेवावयास येई, आणि एक अधिकारी ऑर्गन वाजवीत बसला होता. जे जेवून गेले त्यांतले कित्येक पुन्हां परतले नाहींत. गांवचे तेराशेंहून अधिक रहिवासी ह्या युद्धांत मेले. देऊळ पुन्हां बांधून १९४९ मध्यें उपासनेस खुलें झालें. गांवाबाहेर मोरो नदीवरील दफनभूमींत १,६१५ थडगीं आहेत, बहुतेक कॅनडाच्या मुलांचीं.

ही हकीगत ओर्तोनांत सर्वांच्या तोंडीं आहे. तेथें तिचें संग्रहालयही आहे. परंतु कॅनेडियनांच्या डावीकडे, त्याच चिखलांत व त्याच थंडींत, आठवी हिंदी डिव्हिजन लढत होती. नोव्हेंबर १९४३ मध्यें पुरानें फुगलेली सांग्रो नदी ओलांडणाऱ्यांत ती होती, आणि तिच्यांत मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. घाटांतले, कोंकणांतले, देशावरले हे तरुण. ज्यांनीं बर्फ जन्मांत पाहिलें नव्हतें. पुढें ह्याच इटलीच्या भूमीवर दोन मराठा शिपायांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पहिला कुलाबा जिल्ह्यांतला नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजीं तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, वय अवघें बावीस. तो तेथेंच पडला. त्याच्या नांवानें मोंतोने गांवीं तेथील लोकांनीं २०२३ सालीं सावलीचें घड्याळ उभारलें आहे. दुसरा आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यांतील निमज गांवचा शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांस पाण्यांतून व सुरुंगांतून एकामागून एक त्यानें पाठीवर आणिलें, आणि मग एकट्यानें शत्रूचे मोर्चे गारद केले. तो जिवंत परतला, व १९८४ मध्यें वारला.

पण ज्यांस पदक मिळालें नाहीं त्यांचें काय? ह्या प्रश्नासाठींच आम्ही तिसऱ्या दिवशीं सांग्रोकांठीं गेलों, आणि तो प्रश्न आमचा नव्हता; तो दिंडोरी तालुक्यांतील एका आजीबाईंचा होता. त्या आपल्या धर्माच्या नव्हेत. त्यांच्या घरीं आमचें जाणेंयेणें आहे इतकेंच. त्यांचे चुलत सासरे मराठा पलटणींत होते. इटलींत गेले, आणि एक दिवस घरीं सरकारी कागद आला. देह आला नाहीं, रक्षा आली नाहीं, गंगेवर विधि झाला नाहीं. (नाशिककर गोदावरीस गंगा म्हणतो हें आपणांस सांगणें नको.) आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं आजीबाईंनीं रामकुंडावरील पाण्याची एक लहान बाटली आमच्या हातीं दिली व म्हणाल्या, “फादर, तुम्ही तिकडंच चाललात. सासूबाई जाईस्तोवर म्हणत होत्या, भाऊजींना गंगा मिळाली नाही. जागा सांपडली तर एवढं पाणी तिथं घाला. नाही सांपडली तर समुद्रात सोडा, पण परत आणूं नका.”

हें पाणी आम्हीं कपड्यांत गुंडाळून मोठ्या पेटींतून नेलें.

सांग्रो नदीची युद्ध-दफनभूमि तोरीनो दि सांग्रो गांवाजवळ एका उतारावर आहे. २,६१७ थडगीं, एकसारखे पांढरे दगड, कापलेलें हिरवें गवत, दूर समुद्र. ज्यांच्या धर्मांत दहनविधि आहे अशा हिंदी शिपायांसाठीं तेथें निराळें स्मारक आहे. इटलींत अशीं तीन आहेत, त्यांपैकीं हें एक. पांचशेंहून अधिक नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. पलटणीवार नांवें वाचीत आम्ही मराठा पलटणीपाशीं आलों. रोमन अक्षरांत, इंग्रज कारकुनाच्या कानास जशीं ऐकूं आलीं तशीं लिहिलेलीं तीं नांवें: जाधव, शिंदे, पवार, मोरे. आमच्या मागें कोणी शाळेची हजेरी घेत आहे असा भास झाला. केरळी फादरांस त्या नांवांचें कांहीं विशेष वाटलें नाहीं. आम्हांस मात्र एकेक नांव वाचून पुढें जाणें कठीण जाऊं लागलें.

आजीबाईंनीं दिलेलें नांव व आडनांव सांपडलें. पण तें दोनदां सांपडलें. एकाच पलटणींत, त्याच नांवाचे व त्याच आडनांवाचे दोन शिपाई. द्वाराजवळच्या कोनाड्यांत नामावलीचें पुस्तक असतें, तें उघडून पाहिलें. एका नांवापुढें बापाचें नांव व गांव दिलेलें होतें. गांवाचें स्पेलिंग असें कीं तें आपल्या जिल्ह्यांतलेंही असूं शकेल व साताऱ्याकडलेंही. दुसऱ्या नांवापुढें कांहींच नव्हतें. बापाचें नांव आजीबाईंनीं सांगितल्याशीं थोडेंसें जुळत होतें, पण पुरतें नाहीं. आम्हीं पुस्तक मिटलें, आणि पाणी दोहोंच्या नांवाखालीं सारखें वांटून घातलें.

आमच्या कार्यकारी मंडळांतील एका सद्‌गृहस्थांनीं हें ऐकून आम्हांस विचारिलें, “फादर, हें आपल्या धर्मांत चालतें का?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर सर्वांसमोर देतों. मृतांस मूठमाती देणें हें दयेच्या शारीरिक कृत्यांतील सातवें कृत्य आहे; तोबीतानें ह्याच कामासाठीं राजाचा रोष ओढवून घेतला व जेवण टाकून मृतासाठीं उठला. दहनाविषयीं म्हणाल, तर १९६३ पासून पवित्र सभेनें तें आपल्यासाठींही निषिद्ध ठेविलेलें नाहीं. आम्हीं तेथें कोणताही हिंदु विधि केला नाहीं. तो आम्हांस येतही नाहीं, व ज्यांचा आहे त्यांचा तो मान आहे. आम्हीं १३० वें स्तोत्र मराठींत म्हटलें, जें आपण आपल्या मृतांसाठीं म्हणतों. आणि एका वृद्ध स्त्रीनें सोंपविलेला निरोप पोंचता केला. केरळी फादर आमच्या शेजारीं उघड्या डोक्यानें उभे होते. वारा समुद्राकडून होता, व दगड उन्हानें तापलेला असल्यामुळें पाणी पाहतां पाहतां वाळून गेलें.

परत येतांना आम्ही लांचानो येथें उतरलों. तेथील ख्रिस्तप्रसादाचा चमत्कार जगप्रसिद्ध आहे, त्याविषयीं फार सांगत नाहीं: आठव्या शतकांत एका संशयी संन्याशाच्या हातीं मिस्सेच्या वेळीं भाकरीचें मांस व द्राक्षारसाचें रक्त झालें अशी परंपरा, आणि १९७० मध्यें चर्चच्या परवानगीनें ओदोआर्दो लिनोली ह्या डॉक्टरांनीं त्याची तपासणी सुरू केली. आम्हीं तेथें मिस्सा अर्पण केली. अर्पणाच्या वेळीं द्राक्षारस ओतला, तेव्हां तो कोणत्या मांडवाचा असेल, एवढाच विचार आमच्या मनांत आला. त्याच गांवच्या तरुणांनीं ऑक्टोबर १९४३ मध्यें जर्मनांविरुद्ध शस्त्र उचललें व त्यांतले कित्येक मारले गेले. त्यांचीं नांवेंही तेथें दगडावर आहेत.

नाशिकास आल्यावर आम्ही दिंडोरीस गेलों. नांवें दोन निघालीं हें सांगावें कीं नाहीं, असा विचार वाटेंत केला होता, सांगितलें. फोटो दाखविला. आजीबाईंनीं मोबाइल डोळ्यांशीं नेऊन दोन्ही नांवांवरून बोट फिरविलें व विचारिलें, “दुसऱ्याच्या घरचं कुणी येऊन गेलं का?” आम्हीं सांगितलें, तें कळण्यास मार्ग नाहीं. “मग बरं झालं,” त्या म्हणाल्या, “त्यालाबी मिळालं.” मग त्यांनीं चहा ठेविला, व नातवास हांक मारून आमच्यासाठीं द्राक्षें आणावयास पाठविलें, तीं अर्थात् मिळालीं नाहींत, कारण ऑक्टोबर महिना होता व बागेंत छाटणी चालली होती.

आतां एक विनंति. आपल्या धर्मग्रामांतील किंवा आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतील, मग तो कोणत्याही धर्माचा असो, कोणाचे आजे-पणजे इटलींत पडले असतील, तर त्यांचें नांव, बापाचें नांव, गांव व ठाऊक असल्यास पलटण एका कागदावर लिहून देवळाच्या कचेरींत द्यावें. आमच्या केरळी सोबत्यांनीं नामावलींत पाहून कळविण्याचें कबूल केलें आहे. दोन नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनीं आपण जीं नांवें वाचतों, त्यांत हीं नांवें ज्यांच्या घरच्यांची संमति असेल त्यांचीं वाचलीं जातील. कागद देतांना गांवाचें नांव कृपा करून मराठींतच लिहावें.